पटाशीच्या शेजारचा दात

औषधांच्या दुकानाच्या दारात माझे पाय जमिनीला चिकटले, यात नवं काही नव्हतं. उंबरा आला की ते चिकटतातच. सपाट रस्त्यावर मी बरा चालतो, फरशीवर पट्टे असले तर तरण्याताठ्यासारखा चालतो, पण दार दिसलं की पाय रुसतात. तळव्यांखाली कुणी डिंक ओतून ठेवल्यासारखे. अशा वेळी घाई करायची नाही, मनात एक-दोन-तीन म्हणायचं, समोर एक काठी आडवी पडली आहे असं समजायचं आणि ती ओलांडायची, हे मला शिकवलेलं आहे. मी दोनपर्यंत आलो होतो, तेवढ्यात डाव्या खांद्याच्या जरा मागे कुणीतरी येऊन थांबलं. गिऱ्हाईक असणार. उगाच खोळंबा नको म्हणून मी अंग चोरलं आणि म्हणालो, "या, तुम्ही व्हा पुढे." कुणी पुढे झालं नाही. "अहो, व्हा की. आमची गाडी जरा उशिरा सुटते." तर काउंटरमागचा औषधवाला मान वर करून म्हणाला, "काका, कुणाला बोलावताय?" मी मान वळवली. माझी मान वळायला वेळ घेते, गंजलेल्या नळासारखी. मागे रस्ता होता, पलीकडे चष्म्याचं दुकान होतं, मध्ये कुणीही नव्हतं. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि लख्ख ऊन होतं. "स्वतःलाच बोलावतोय," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण गोळ्यांची पुडी घेऊन बाहेर पडलो, मान सरळ झाली, आणि ते माणूस पुन्हा डाव्या खांद्यामागे येऊन उभं राहिलं. मग त्याने तोंड मिटलं. टक्.

तो आवाज मी न ओळखून कसं चालेल? मी केलेला आहे तो. चौतीस वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या केल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप प्लास्टरमध्ये पाठवायचे, मी ते बिजागरीच्या पितळी जबड्यावर चढवायचो, मेणाची हिरडी ओतायचो आणि तिच्यात एकेक दात बसवायचो. माणूस मला कधी दिसायचा नाही, त्याचं तोंड तेवढं दिसायचं. रस्त्यात लोक एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, मी हसण्याने ओळखतो. प्रत्येक कवळीचा स्वतःचा आवाज असतो. बायकोची वरची कवळी शेवटची तीनेक वर्षं सैल झाली होती, वयाने हिरडी झिजते तशी. बोलणं संपवून तिने ओठ मिटले की आत हलकीशी टक् व्हायची. "दे, घट्ट करून देतो," असं मी दहादा म्हणालो असेन. तिने दिली नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा कवळी काढून ठेवा म्हणून नर्सने मला सांगितलं, आणि मी ती काढली तेव्हाही टक् झालीच.

मला हा कंपवाताचा आजार ती गेल्यानंतर वर्षभराने लागला. म्हणजे तिला तो ठाऊकच नाही. आधी उजव्या हाताचा अंगठा बोटाशी चाळा करायला लागला, मग अक्षर मुंगीएवढं झालं, मग चेहरा ठोकळ्यासारखा झाला. मुलगी म्हणायची, "बाबा, रागावलात का?" आणि मी मनातल्या मनात खो-खो हसत असायचो. डॉक्टरीणबाई चांगली आहे. माझा धंदा कळल्यावर तिने मला सगळं समजावून सांगितलं. मेंदूच्या मधोमध काळसर पेशींची एक छोटी लॅब असते म्हणाली, तिथे डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. ते मिळालं की अवयवांना 'चल' असा निरोप पोहोचतो. तुमच्या लॅबमधले कारागीर मरत चाललेत. पहिली गोळी म्हणजे कच्चा माल. उरलेले कारागीर तिच्यापासून डोपामिन करतात. माल वाटेतच संपू नये म्हणून त्याच गोळीत दुसरं एक औषध असतं, ते राखणदार म्हणून सोबत जातं. मी विचारलं, "आणि कारागीरच उरले नाहीत तर?" ती म्हणाली, म्हणूनच पुढे पुढे गोळीचा अंमल कमी तास टिकतो. तसंच झालं. आधी एक गोळी दिवसभर पुरायची, मग सहा तास, मग तीन. अंडं खाऊन वर गोळी घेतली तर तेवढीही नाही, कारण आत शिरायच्या दारात अंडं आणि गोळी एकमेकांना ढकलतात. गोळी उतरली की मी आपला पुतळा. चार महिन्यांपूर्वी तिने दुसरी, छोटी पांढरी गोळी जोडून दिली. ही कच्चा माल नाही म्हणाली. ही डोपामिनच्या जागेवर स्वतःच जाऊन बसते आणि मेंदूला वाटतं, आलं डोपामिन. मी म्हणालो, "म्हणजे कवळी." डॉक्टरीणबाई मोठ्याने हसली. तिचे खालचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत. मग ती गंभीर होऊन म्हणाली, "काका, एक लक्षात ठेवा. हे रसायन नुसतं हालचालीचं नाही, हवंसं वाटण्याचंही आहे. या गोळीने कुणाला जुगार सुचतो, कुणी एकच काम तासन् तास करत बसतं. कुणाला जवळ कुणीतरी असल्यासारखं वाटतं. असं काही झालं तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही." मी मान हलवली. ती तशीही हलत असतेच.

दुकानातून घरी आलो ते दोघंजण आलो. दार मी उघडलं, आणि लावण्याआधी सवयीने जरा थांबलो. माझी बैठक खिडकीपाशी, टेबलावर. डाव्या हाताला एक लाकडी खुर्ची असते, तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग असायचा. तो मी उचलून खाली ठेवला. का ठेवला, तर बसायला जागा नको का? ती बसली. दिसली असं मी म्हणणार नाही. डोळ्याच्या अगदी कडेला एक काळोखी, खांद्याएवढी, आणि तिच्यातून वर आलेला हात, तोंडावर धरलेला. मान वळवली की खुर्ची रिकामी. समोर बघितलं की भरलेली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? एका बाजूला भीती, आणि त्याच वेळी हात असे काही हलके झाले होते की टेबलावरची सुई मी चिमटीत उचलली. दोन वर्षांत मला सुई उचलता आली नव्हती.

तो तोंडावरचा हात मला ठाऊक होता. त्याला कारण मीच. बावन्नाव्या वर्षी पायरियाने तिचे सगळे दात गेले, आणि कवळी मी केली, दुसरं कोण करणार होतं? आमच्या धंद्यात एक नियम आहे: सगळे दात सरळ बसवायचे नाहीत. एक दात किंचित फिरवायचा, एकाची कड झिजवायची, कुठे केसाएवढी फट सोडायची, म्हणजे मग बघणाऱ्याला संशय येत नाही. हजारो तोंडांत मी अशी खोडी करून ठेवली आहे. तिच्याही मूळच्या दातांत एक होताच तसा, पटाशीच्या शेजारचा, पडद्याआडून बघणाऱ्या पोरीसारखा थोडा तिरका वळलेला. पण बायकोची कवळी करायला बसलो आणि माझी अक्कल चरायला गेली. तिला सगळ्यांत सुंदर दात द्यायचे, एक रेषेत, मोत्यांचे, असं मला वाटलं. प्रेमाने वाटलं हो! तिने आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अहो, छान आहेत. कुणाचे आहेत?" मी हसलो. ती हसली नाही. मग पुढची अकरा वर्षं ती हसली ती तोंडावर हात धरून. मोठी विनोदी बाई, घर हसतं ठेवणारी, आणि हसताना तोंड झाकायची. मी कधी विचारलं नाही. एकदाही "बदलून देऊ का?" असं म्हणालो नाही. चौतीस वर्षांचा कारागीर मी, मान कशी खाली घालणार?

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची पेटी मुलीकडून काढून घेतली. "जरा हाताला व्यायाम," म्हणालो. पेटीत मेणाच्या कांड्या, सुरी, स्पिरिटचा दिवा, पितळी जबडा, दातांच्या उरलेल्या पट्ट्या, सगळं जिथल्या तिथे होतं. बायकोची जुनी कवळी माझ्या खणात डबीत होती. तिच्यावरून मी प्लास्टरचं माप काढलं आणि नवी मेणाची हिरडी ओतली. दहाला गोळ्या घ्यायच्या, साडेदहाला न्याहारी, अकराला हात सुटायचे आणि खुर्ची भरायची. एक वाजेपर्यंत दोन्ही टिकायचं. तेरा दात मी तासाभरात बसवले. चौदावा हातात घेतला, पटाशीच्या शेजारचा, आणि थांबलो. तो डावीकडचा होता की उजवीकडचा?

मला आठवेना. हसू नका. आमच्या धंद्यात समोरच्याचं डावं ते आपलं उजवं, आयुष्य उलटसुलट बघण्यात गेलं. पण खरं कारण ते नव्हतं. अकरा वर्षं तिच्या तोंडात मी माझंच काम बघत बसलो आणि त्या कामाने तिचं मूळचं तोंड पुसून टाकलं. फोटो काढून पाहिले. लग्नाच्या फोटोत मान खाली, नंतरच्यांत ओठ मिटलेले. कवळीआधीचं प्लास्टर मी दोन वर्षांनी इतरांच्या प्लास्टरबरोबर फेकून दिलं होतं. मुलीला विचारावं तर ती विचारणार, "कशाला?" आणि मग सगळंच सांगावं लागणार. मग मेणात तो दात मी डाव्या बाजूला फिरवून बघितला, काढला. उजव्या बाजूला फिरवला, काढला. थोडा जास्त, थोडा कमी. चाळीसेक वेळा झालं असेल. एक वाजायचा, हात जड व्हायचे, खुर्ची विरून जायची, आणि मी त्या तेरा दातांपुढे तसाच बसून राहायचो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा तेच. एकच काम तासन् तास करत बसतं कुणी, असं डॉक्टरीणबाई म्हणाली होती. मला ते आठवत नव्हतं असं नाही. पण एक तुम्ही मला सांगा, ही इच्छा माझी की गोळीची? सहा वर्षं मला बायकोची आठवण यायची, रोज यायची, पण ती आपली पाहुण्यासारखी येऊन जायची. ती हवी, आत्ता या खुर्चीत हवी, असं पोटातून वाटलं नव्हतं. ते या चार महिन्यांत वाटायला लागलं. एका पांढऱ्या गोळीने मला बायको हवीशी केली असेल, तर आधी सहा वर्षं मी काय केलं? या विचाराची मला लाज वाटायची, आणि लाज वाटली तरी हात मेणाकडे जायचा.

मग मला युक्ती सुचली. ती हसली पाहिजे. तिला हसू अनावर झालं की हात क्षणभर खाली यायचा, हे मला ठाऊक होतं. हात खाली आला की कडेकडेने, मान न वळवता, तो दात बघून घ्यायचा. झालं, मी रोज अकरा वाजता रिकाम्या खुर्चीला विनोद सांगायला लागलो. नवी कवळी लावलेला माणूस दुसऱ्याच दिवशी परत येतो, म्हणतो, डॉक्टर, काढून घ्या, बायकोची तक्रार आहे. का हो, दुखते का? दुखत नाही, पण हल्ली मी तिला उत्तरं देतो. खुर्चीत काही हललं नाही. शेजाऱ्यांच्या गमती सांगितल्या, तिच्याच माहेरच्या गमती सांगितल्या. कधी टक् व्हायची, म्हणजे ऐकत होती. पण तिच्या बाजूने एक वास यायला लागला होता, ओल्या प्लास्टरचा, गार. तो वास बायकोला कधीच नव्हता. माझ्या लॅबचा होता तो. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की खुर्चीत बसलेलं हे जे काही आहे, ते माझ्याच मालातून घडवलेलं आहे, आणि त्याने हात खाली केला तर आत काय असेल? तोंडच नसलं तर? नुसती मेणाची गुलाबी हिरडी असली तर? त्या दिवशी मी विनोद अर्धवट सोडला आणि एक वाजायची वाट बघत बसलो.

माझी मुलगी पाणीपुरवठा खात्यात आहे, नळांच्या पाण्याचे नमुने तपासते. नवऱ्यापासून वेगळी झाली म्हणून माझ्याकडे राहायला आली, की मला सांभाळायला आली, हे आम्ही एकमेकांना विचारलेलं नाही. सेहेचाळीस वर्षांची आहे, मी तिला अजून ठमे म्हणतो. बापावर गेली आहे, म्हणजे कमी बोलते आणि सगळं बघते. त्या सोमवारी ती कामावरून आल्या आल्या म्हणाली, "बाबा, कामाच्या बाई सांगत होत्या, तुम्ही सकाळी कुणाशी तरी बोलता."

"रेडिओशी बोलतो. तो तरी ऐकून घेतो."

"रेडिओ माझ्या खोलीत आहे."

"मग तुझ्या खोलीतल्या रेडिओशी बोलतो. खणखणीत बोलतो म्हणजे आवाज जातो."

ती हसली नाही. "शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय," म्हणाली. "गोळी कमी करावी लागेल. मी वाचलंय."

"हात बघ माझे!" मी दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. ते तेव्हा थरथरत होते, सहा वाजले होते. ती त्या पंजांकडे बघत राहिली आणि मला संताप आला. शुक्रवार म्हणजे मधे तीन सकाळी उरल्या. तीन सकाळी, दोन-दोन तास. त्यानंतर खुर्चीवर पुन्हा वर्तमानपत्रं.

मंगळवार वाया गेला. बुधवारी खुर्ची जेमतेम भरली, टक्‌देखील झाली नाही. गुरुवारी मी पहाटेच ठरवलं होतं, आज राखून ठेवलेला किस्सा काढायचा. साडेअकराच्या सुमारास मागे दाराशी काहीतरी वाजल्यासारखं झालं, मग खुर्चीचं लाकूड करकरलं. खुर्ची आजवर कधी करकरली नव्हती. कडेची काळोखी त्या दिवशी दाट होती, तिला वजन होतं, ती श्वास घेत होती. मी मान हलवली नाही. समोरच्या पितळी जबड्याकडे बघत सांगायला लागलो. "अगं, तुला ते व्याह्यांचं आठवतं का? लॅबमध्ये दोन कवळ्यांच्या डब्या एकदा बदलल्या. एक एका आजोबांची, एक त्यांच्याच विहीणबाईंची. दोघांनी आठ दिवस एकमेकांचे दात लावले आणि कुणी ब्र काढला नाही. नवव्या दिवशी विहीणबाई दवाखान्यात हजर. डॉक्टर, म्हणाल्या, दात झकास बसलेत, चावता येतं, बोलता येतं. पण हल्ली मला सारखी विडी ओढावीशी वाटते."

आधी श्वास अडकल्याचा आवाज आला. मग ती हसली. फुटलीच. हात खाली गेला आणि डोळ्याच्या कडेला मला तोंड दिसलं, उघडं, ओलं, खरं. मेणाची हिरडी नव्हती. पटाशीच्या शेजारचा तिच्या डावीकडचा दात किंचित आत वळलेला, आपली कड पुढे काढून बघणारा. मला रडूच आलं. मी मान वळवली नाही, वळवली असती तर गेली असती ना ती. दिवा पेटवला, सुरी तापवली, मेण मऊ केलं आणि चौदावा दात जसा बघितला तसा फिरवून बसवला. एका फटक्यात. हात दगडासारखा स्थिर होता. "हाच ना?" मी म्हणालो. "चुकलं माझं तेव्हा. ऐकतेस ना? सतरा वर्षं म्हणायचं राहिलं. चुकलं माझं." खुर्ची पुन्हा एकदा करकरली आणि बाजू गार पडली. त्या दुपारी मी जेवलो आणि झोपलो, लहान मुलासारखा.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईला मी आपणहून सगळं सांगितलं. आता लपवून काय करायचं होतं? माझं काम झालं होतं. खुर्ची, टक्, प्लास्टरचा वास, विनोद, तेरा दात आणि चौदावा. ती लिहून घेत होती. म्हणाली, "पांढरी गोळी हळूहळू कमी करू, एकदम तोडायची नाही. आणि काका, हात पूर्वीइतके चालणार नाहीत, तयारी ठेवा." मी म्हणालो, "चालेल. ती हसली काल. मी दात बघितला." माझ्या शेजारी मुलगी बसली होती, डावीकडे. ती खाली बघत म्हणाली, "बाबा, काल मी होते."

मला कळलंच नाही.

"काल मी कामावरून मधेच घरी आले. तुम्ही आईशी बोलत होतात. म्हटलं, काय बोलता ते एकदा ऐकावं. खुर्चीत येऊन बसले. तुम्ही बघितलंच नाही माझ्याकडे. आणि ती विहीणबाई विडी ओढते म्हणालात तेव्हा..." ती थांबली. "तुम्ही माफी मागायला लागलात तेव्हा मला उठून जावं लागलं."

मी तिथे, डॉक्टरीणबाईसमोर, ओरडलो. फसवलंस म्हणालो, माझी शेवटची सकाळ होती, तीही चोरलीस म्हणालो. माझा ओरडा म्हणजे काय, आजाराने आवाज असा बारीक झाला आहे की शेजारच्या खोलीत गेला नसेल. मुलगी रडायला लागली, आणि रडताना तिने तोंडावर हात धरला. डावा हात, बोटं मिटलेली, नखं गालाला टेकलेली. तो हात मी चार महिने डोळ्याच्या कडेला बघत होतो. त्याआधी अकरा वर्षं समोर बघत होतो. आईचं बघून बघून तिने उचलला असावा असं मला आधी वाटलं, आणि माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. पण तिने का झाकावं? तिच्या तोंडात तर माझी कवळी नव्हती.

मग मला आठवलं. ती तेरा वर्षांची असताना मीच तिला तार लावून घेतली होती. तिच्या तोंडात तोच दात तसाच आला होता, आईचा, आणि मी लॅबच्या डॉक्टरांना म्हणालो होतो, एवढा सरळ करून टाका. बायको तेव्हा म्हणाली होती, "राहू दे की तेवढा. माझ्यासारखा आहे." डॉक्टर म्हणाले होते, तार काढल्यावर वर्षभर रात्री प्लेट लावायची हं, नाहीतर तार सुटली की दात माहेरी पळतो. लॅबमध्ये आम्ही सगळे या वाक्यावर हसायचो.

"प्लेट लावलीस का तू?" मी विचारलं. डॉक्टरीणबाईला वाटलं असेल, म्हातारा भ्रमिष्टच झाला.

"कुठली प्लेट?"

"दातांची. तार काढल्यावर दिलेली."

"ती? ती आईने फेकून दिली. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस." तिने नाक पुसलं. "दोन-तीन वर्षांत गेला तो परत. मग मी झाकायला लागले. तुम्हाला दिसला तर पुन्हा तार लावाल म्हणून. नंतर सवयच झाली."

तीस वर्षांत ती कितीदा माझ्यासमोर बसून जेवली आहे. हजारो अनोळखी तोंडं मी डोळे फोडून बघितली. डॉक्टरीणबाईने नवी चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही निघालो. दारात पाय चिकटले. डाव्या खांद्यामागे कुणीतरी थांबलं होतं. ते कोण होतं हे मी मान वळवून बघितलं नाही. मुलगी माझ्या पुढे होती, तिने आपला पाय आडवा धरला आणि म्हणाली, "हा ओलांडा." मी ओलांडला.

आता महिना झाला. पांढरी गोळी अर्ध्याची पाव झाली आणि परवा बंद झाली. हात सांगितल्याप्रमाणे गेले. सुई उचलता येत नाही, चमचा निम्मा सांडतो. टक् ऐकू येईनाशी झाली, प्लास्टरचा वास गेला. मेणात बसवलेले चौदा दात टेबलावर आहेत. ते पुरे करायचे नाहीत, कुणाला घालायचे? हवंसं वाटणंही ओसरलं असेल, अशी मी वाट बघत होतो. ते काही ओसरलं नाही. आज रविवार, मुलगी घरी. अकरा वाजता खुर्ची करकरली. मी मान वळवायला घेतली. आता ती फारच सावकाश वळते, आधी हनुवटी सुटते, मग मधे कुठेतरी सगळंच अडकतं, आणि त्या अडकलेल्या वेळात मला पुरतं ठाऊक होतं की मी पोहोचेन तोवर खुर्ची रिकामी झालेली असणार. इतके महिने तसंच झालं आहे. खिडकी सरकली, भिंत सरकली, कपाट सरकलं. ती बसलेली होती. विस्कटलेले केस, हातात चहाचा कप, आणि माझं ते मान वळवणं बघून तिला हसू येत होतं. डावा हात कपावरून निघून वर चालला होता.

"ठमे," मी म्हणालो, "हात खाली."

तिने हात खाली ठेवला.